कैफियतीचा रकाना

परभणीतली कोणती शाळा चांगली आणि कोणती वाईट हे ठरवायचं काम एका हिवाळ्यात माझ्यावर आलं. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, मॅट्रिकच्या गणितात दोनदा आपटलो होतो आणि शाळा तपासणीच्या कचेरीत हंगामी कारकून होतो. माझ्या अंगी एकच गुण होता, माझं उर्दू अक्षर वळणदार होतं. निजामाच्या राज्यात तेवढ्या भांडवलावर माणूस बराच लांब जात असे. मी जरा जास्तच लांब गेलो.

झालं असं, की आमचे मोहतमीम, म्हणजे शाळांवरचे मोठे साहेब, ऐन तपासणीच्या तोंडावर पाठीत उसण भरून आडवे झाले. त्यांना टांग्यात बसणंही जमेना, आणि शहरातल्या प्राथमिक शाळांचे तक्ते महिनाअखेर पाठवा असा वरून हुकूम आलेला. त्यांनी मला बोलावलं, छापील तक्त्यांचं पुडकं हातात ठेवलं आणि म्हणाले, "जाओ, देखो और लिखो. दस्तखत मैं कर दूँगा." मी तडक घरी गेलो आणि भावाच्या लग्नातली शेरवानी पेटीतून काढली. ती गळ्याशी इतकी आवळत होती की मान वळवायची तर सगळं अंग वळवावं लागे. लोकांना तो रुबाब वाटला. खोटं कशाला सांगू, मलाही वाटला.

पहिली शाळा कचेरीच्या मागची, नुकताच चुना दिलेली. मी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकताच पोरं एकदम उठली, एकदम वाकली आणि एकदम बसली. कोणी खोकलंसुद्धा नाही. प्रत्येक पाटीवर एकच भागाकार सुवाच्य अक्षरात सोडवलेला होता. मी रांगांमधून फिरलो आणि 'शिस्त' या रकान्यात 'उमदा', म्हणजे उत्तम, असं सुंदर अक्षरात लिहून दिलं. तो भागाकार सगळ्या पाट्यांवर एकाच जागी चुकला होता, हे तिथल्या मास्तरांनी मला पुढं बऱ्याच वर्षांनी हसत हसत सांगितलं. मला त्या दिवशी कळायचा प्रश्नच नव्हता. भागाकार हीच तर माझी आपटायची जागा.

दुसरी शाळा जिनिंगच्या भिंतीला लागून होती. कापसाचा हंगाम, त्यामुळे पलीकडे सरकी काढायची यंत्रं दिवसभर धडधडत असत. पोरांच्या केसांत, मास्तरांच्या टोपीवर, फळ्यावर, सगळीकडे कापसाचे तंतू. आणि आतला गोंधळ तर विचारू नका. एक पोरगा उभा राहून घशाच्या शिरा ताणून धडा वाचत होता, आणि त्यानं एखादं अक्षर गिळलं की मागच्या रांगेतून पाचसहा जण ओरडत, "पुन्हा!" तो पुन्हा वाचे. म्हातारे मास्तर कानामागं हात धरून त्याच्या ओठांकडे बघत बसले होते. तिसरीतल्या त्या पोरानं माझ्यासमोर अख्खं पान न अडखळता वाचलं. मी काय पाहिलं? त्याच्या केसांतला कापूस. 'शिस्त' या रकान्यात मी 'अबतर' लिहिलं, म्हणजे सगळा विस्कोट.

तक्त्यात शेवटचा रकाना होता 'कैफियत'. आता आपल्या मराठीत कैफियत म्हणजे ज्याची त्यानं मांडायची बाजू, त्याचं गाऱ्हाणं. आमच्याकडे कोणी "माझी कैफियत ऐका" म्हणाला, की ऐकणारा खाली बसून घेतो. मी उर्दू वाचायला शिकलो होतो, पण डोकं मराठीच होतं. म्हणून मी प्रत्येक शाळेत मोठ्या अदबीनं विचारत असे, "मास्तर, तुमची कैफियत काय?" बहुतेक जण घाबरून "काही न्हाई साहेब, सगळं ठीक हाय" म्हणत. जिनिंगजवळचे हे म्हातारे मास्तर मात्र माझ्याकडे बघतच राहिले. मला ओरडून दोनदा विचारावं लागलं. मग त्यांनी आपली खुर्ची उपरण्यानं झटकली, मला बसवलं आणि समोर उभे राहिले.

"साहेब, आजवर हे कुणी इचारलं न्हाई," ते म्हणाले. "सात वर्सं झाली, हे जिनिंग माझ्या डोक्यात चालू हाय. डावा कान गेला, उजवाबी जायलाय. म्हणून लेकरांना सांगितलं, वरडून वाचा, शब्द गिळू नका, एकमेकाची चूक एकमेकानं धरा. लेकरं लय गुणाची हायत. पर अशानं त्यांचेबी कान जातेल. साळा इथून हलवा. धरमशाळेच्या ओवऱ्या रिकाम्या पडल्यात. माझं ऱ्हाऊ द्या, लेकरांचं बघा. एवढं वर लिवा."

"लिहितो," मी छातीवर हात ठेवून सांगितलं.

आणि लिहिलंही. पण तो रकाना दोन बोटं रुंद. थोडक्यात लिहितो तोच खरा कारकून, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. जिनिंग, ओवऱ्या, लेकरांचे कान, हे सगळं बसवायचं तर अक्षर बारीक करावं लागलं असतं आणि तक्त्याची शोभा गेली असती. मी विचार करून त्यातलं मुख्य तेवढं घेतलं. 'मुदर्रिस ऊँचा सुनते हैं', म्हणजे मास्तरांना कमी ऐकू येतं. ओळ फार देखणी उतरली होती. टांग्यात बसल्यावर मी ती दोनदा काढून पाहिली.

साहेबांनी तक्ते पलंगावर पडूनच चाळले. त्या ओळीशी थांबले आणि म्हणाले, "वाह! इतनी साफ कैफियत आज तक किसी ने नहीं लिखी." मग मी कोऱ्या चेहऱ्यानं उभा आहे हे बघून त्यांनी समजावलं, की कैफियतीच्या रकान्यातच तर तपासणाऱ्यानं आपला शेरा मारायचा असतो, आणि सगळे तिथं गुळमुळीत लिहितात. मला तिथल्या तिथं कळलं. मास्तरांनी माझ्यापाशी मांडलेलं गाऱ्हाणं मी त्यांच्याच विरुद्धचा शेरा म्हणून लिहून बसलो होतो. एक वाक्य पुरलं असतं. साहेब, हे त्यांनी स्वतः सांगितलंय आणि पुढचं लिहायचं राहिलंय, एवढंच. मी तोंड उघडलंही. तेवढ्यात साहेब म्हणाले, "तुम्हारी नौकरी पक्की करने की सिफारिश करता हूँ." तोंड मिटलं. शेरवानीचा गळा आवळत होता म्हणून शब्द फुटला नाही, असं मी पुढं वर्षभर स्वतःला सांगत होतो. त्या दिवशी मी शेरवानी घातलेलीच नव्हती.

मी पक्का झालो आणि मास्तर घरी गेले. शाळा होती तिथंच राहिली.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तक्ते घेऊन मी त्या शाळेत गेलो. आता तिथं छडीवाले तरुण मास्तर होते. मला बघताच पोरं एकदम उठली, वाकली, बसली. पलीकडे जिनिंग धडधडत होतं. मी एका पोराला वाच म्हणालो. तो उभा राहिला, त्याचे ओठ हलले. मी वाकून कान जवळ नेला तरी काही ऐकू आलं नाही. "मोठ्यानं वाच," म्हणालो, तर त्यानं आधी छडीकडे पाहिलं. मग चारपाच जणांना उठवलं. पुस्तक हातात घेऊन अगदी जवळून ऐकलं तेव्हा समजलं, की तिसरीतल्या एकालाही धड एक ओळ वाचता येत नाही. कोणाची चूक कोणाला ऐकूच जात नव्हती, मग ती धरणार कोण? 'शिस्त' या रकान्यात 'उमदा' लिहायला मी दौतीत टाक बुडवला, आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की टाक तसाच खाली ठेवला.

जुने मास्तर पेडगावला असतात असं कळलं. शुक्रवारी सुट्टी असायची. मी गाडीनं गेलो, साध्या सदऱ्यात. ते घरासमोर लिंबाखाली तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मला लगेच ओळखलं आणि धडपडत उठले.

"या साहेब! माझी कैफियत पोचली का वर?"

माणसाला काढल्यावर तो वर्षभर काय समजून बसतो, याचा मी कधी विचारच केला नव्हता. त्यांना वाटत होतं, वय झालं म्हणून घरी पाठवलं. गाऱ्हाणं निराळं, ते आपल्या वाटेनं चाललं असेल.

मी खाली बघत हळू आवाजात सांगितलं. त्यांनी कानामागं हात धरला.

"पुन्हा."

मी पुन्हा सांगितलं, थोडं मोठ्यानं. आडावर बाया पाणी शेंदत होत्या, त्या वळून बघायला लागल्या.

"शब्द गिळू नका, साहेब. पुन्हा."

तिसऱ्यांदा मी ओरडलो. "मास्तर, तुमची कैफियत मी लिहिलीच नाही! तुम्हाला ऐकू येत नाही एवढंच लिहिलं! म्हणून तुम्हाला काढलं! मला कळलं होतं, तरी मी गप्प बसलो!" आडावरचे रहाट थांबले. समोरच्या दुकानातून दोघं बाहेर आले. सगळ्या आळीनं ऐकलं.

मास्तर माझ्या ओठांकडे बघत होते. त्यांनी कानामागचा हात खाली घेतला.

"वाचन चांगलं झालं," ते म्हणाले. "मजकूर लय वाईट हाय."

मग एक शेंग उचलली, पण सोलली नाही.

"आन् साळा? लेकरं अजून तिथंच बसायलेत?"

याचं उत्तर ओरडून द्यायची गरज नव्हती. मी मान खाली घातली, आणि ती त्यांना दिसली.