लोव्रेच्या नावाचं मैदान

माझा नवरा बेपो मेलेल्या माणसावर जळतो. जिवंत माणसांवर जळणारे आमच्या गावात पैशाला पासरी मिळतील, पण तेवढ्याने ज्याचं भागत नाही असा माझाच एक.

मेलेला माणूस म्हणजे लोव्रे. दोघं एकाच गल्लीत वाढले, एकाच गोदीत जहाजांचे पत्रे जोडत म्हातारे झाले, आणि रोज संध्याकाळी बंदरामागच्या वाळूच्या पट्ट्यावर बालोते खेळले. लोखंडी गोळे फेकायचे, ज्याचा गोळा छोट्या गोळीजवळ थांबला तो जिंकला, एवढाच हा खेळ. पण त्यावरून आमच्याकडे सख्खे भाऊ एकमेकांशी बोलणं टाकतात. आमच्या लग्नात जेवणं उरकली आणि नवरदेव दिसेना. शोधत गेले तर कोट काढून पट्ट्यावर उभा, समोर लोव्रे. एवढा डाव संपू दे, म्हणाला. डाव संपेस्तोवर वाजंत्री घरी गेले होते.

पुढे त्या पट्ट्यावर डांबर पडलं आणि पाहुण्यांच्या गाड्या उभ्या राहू लागल्या. तेव्हापासून बेपो पेन्शनरांच्या वतीने नगरसभेत बसतो आणि दर वर्षी उठून खेळाचं मैदान मागतो. दर वर्षी सगळे माना डोलावतात आणि पुढचा विषय घेतात. लोव्रे एकदाही सभेला फिरकला नाही. सभा चालू असताना तो खाली खानावळीत पत्ते खेळायचा. यंदा ईस्टरच्या आधी तो झोपेतच गेला.

आमच्याकडे चांगला खेळाडू गेला की त्याच्या नावाने स्पर्धा भरवतात आणि जिंकणाऱ्याला कोकरू देतात. लोव्रेची स्पर्धा तर शेजारच्या गावच्या पट्ट्यावर झालीच, वर नगरसभेत ठरावही आला. मिठाच्या जुन्या गोदामामागच्या जागेत गावासाठी क्रीडा उद्यान करायचं, मुलांना बास्केटबॉल, म्हाताऱ्यांना बालोत्याचे दोन पट्टे, आणि सगळ्याला नाव लोव्रेचं.

त्या दिवसापासून बेपोच्या घशाखाली घास उतरेना.

"सभेत घसा कोरडा केला कुणी?" तो म्हणायचा. "आणि पाटी कुणाची?"

"अरे, तो मेलाय."

"तेवढंच तर केलंय त्याने."

मी हसले, तर दोन दिवस फुगून बसला. पेरिना, म्हणजे लोव्रेची बायको, रस्त्यात भेटली की हा पलीकडच्या बाजूने जायचा. शनिवारी आम्ही कबरस्तानात फुलं घेऊन जातो, तिथेही याचं लक्ष आपल्या आईबापाकडे नाही. लोव्रेच्या कबरीवर कुणाची फुलं जास्त, ते बघत उभा. आमची कबर लोव्रेच्या घराण्याच्या कबरीमागच्याच रांगेत आहे. दगडकोऱ्याला पुन्हा बोलवायला नको म्हणून गावातले बरेच जण करतात तसं आम्हीही आमची नावं जिवंतपणीच कोरून ठेवली आहेत, मृत्यूच्या तारखेची जागा तेवढी रिकामी. मला खरं तर माझ्या आईजवळचा समुद्राकडचा कोपरा हवा होता. पण बेपोला तीच रांग पाहिजे होती.

तर एका शनिवारी त्या दगडापुढे उभं राहूनच त्याच्या डोक्यात ती युक्ती आली.

ठरावाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. निम्म्या सभासदांना तिथे गाड्यांसाठी आणखी जागा हवी होती, निम्म्यांना उद्यान. बेपोच्या हातावर सगळं अडलेलं होतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पेरिना काळ्या कपड्यांत माझ्या शेजारी बसली होती. येणारा-जाणारा तिच्यापुढे वाकत होता आणि माझ्या पायावर पाय देऊन जात होता.

बेपो उठला. आठवडाभर आरशापुढे घोकलेलं त्याने एका दमात म्हटलं.

"इथल्या निम्म्या लोकांची नावं कबरीवर कोरलेली आहेत आणि ते माझ्यासमोर कॉफी पीत बसलेत. मग जिवंत माणसाचं नाव मैदानावर कोरलं तर काय बिघडलं? एक पट्टा लोव्रेचा, दुसरा माझा. मृत्यूच्या तारखेची जागा रिकामी ठेवा, वेळ आली की भरा."

सभागृह हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. विरुद्ध बाजूच्यांनीही टाळ्या दिल्या. अध्यक्ष नीवेस आमच्या शेजारची पोर, बेपोला इतर पोरांसारखं बार्बा म्हणजे काका म्हणते. तिने डोळे पुसले.

"बार्बा, माझी काही हरकत नाही," ती म्हणाली. "पण ठरावात तुमचं नाव आलं तर नियमाप्रमाणे मतदानाच्या वेळी तुम्हाला बाहेर जावं लागेल. आणि तुम्ही बाहेर गेलात की मतं समसमान, म्हणजे ठराव पडला."

हे काही आरशाने त्याला सांगितलं नव्हतं. तो टेबलाला धरून उभा राहिला. खाली गाड्यांच्या मधे पोरं चेंडू आपटत होती आणि कुणीतरी त्यांच्यावर हॉर्न वाजवत होतं. बेपोने एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा पेरिनाकडे.

"माझं नाव काढा," तो म्हणाला.

मग त्याचा हात वर गेला. खांद्याच्या वर काही गेला नाही, पण नीवेसने तो मतात धरला. ठराव एका मताने मंजूर झाला. पेरिनाने त्याच्या दोन्ही गालांची पापी घेतली आणि लोव्रेला किती आनंद झाला असता म्हणून सांगितलं. बेपो म्हणाला, होणारच, त्याला फुकटात मिळालंय.

सगळे खानावळीत गेले. आम्ही घरी आलो. मी बटाटे घातलेली पालेभाजी आणि खारवलेले मासे वाढले, पण त्याने काटा उचलला नाही.

"जन्मभर त्याने मला शेवटच्या गोळ्यावर हरवलं," तो म्हणाला. "आज मेल्यावरही हरवलं. आणि हात माझाच वापरला."

तो हसायला लागला आणि हसता हसता रडायला लागला, लहान पोरासारखा हमसून हमसून. स्वतःचा भाऊ गेला तेव्हा याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा बाहेर बसून संत्री सोलत होता. लोव्रेच्या अंत्यविधीत तर शवपेटीचं पॉलिश कसं वाईट आहे ते लोकांना दाखवत होता.

"आता मी कुणाशी खेळू, दिन्का?"

मी त्याच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता. पण मी भांडं हातात धरून उभी राहिले. उद्या त्या दगडावरची माझी रिकामी जागा भरली, तर हा माणूस असा रडेल का? उत्तर मला ठाऊक होतं. इतके दिवस मी त्याला हसले, आणि आता त्याच मेलेल्या माणसावर त्याच्याहून जास्त जळत मी स्वयंपाकघरात उभी होते.

त्याच्या ताटातली भाजी गार होत गेली. मी ती मुद्दाम गरम केली नाही.