आत्याचं तळं आणि बाबांचे मासे

माझ्या आत्याचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं घरात सगळे म्हणतात. मी म्हणते, असायलाच हवा. तिचं काम तळ्यांमधले जीव मोजण्याचं. गमबूट घालून पाण्यात उतरायचं, जाळीने तळ ढवळायचा, निघेल ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं आणि वळवळेल ते ओळखायचं. तिच्या फ्रिजमध्ये दुधाशेजारी किड्यांच्या बाटल्या असतात. तिला बघायला आलेल्या एका गृहस्थाने त्यातली एक उघडली आणि लग्नाचा विषय तिथेच मिटला.

नगरपालिकेच्या बागेमागचं एक उथळ तळं तिचं विशेष लाडकं. ते दरवर्षी ठणठणीत कोरडं पडतं, म्हणून त्यात मासे नाहीत. मासे नाहीत म्हणून तिथे नखाएवढी, पारदर्शक, उताणी पोहणारी कोळंबी जगते. तिची अंडी सुकलेल्या चिखलात पडून राहतात आणि पाणी आलं की फुटतात.

त्या तळ्यावर पार्किंग करायचा घाट घातला गेला. नियम असा, की ठरावीक आकड्याइतक्या जाती सापडल्या तर तळं राहील, नाहीतर भराव. कुठल्या जाती, त्या दुसरीकडे जगतील का, हे कोणी विचारत नाही. असले नियम करणाऱ्यांना एकदा त्या चिखलात गुडघाभर उभं करावं, असं मला आजही वाटतं.

आता माझे बाबा. आत्याचे मोठे भाऊ, त्याच बागेतले माळी. जेवताना आत्या एकदा बोलून गेली, की आकडा अगदी काठावर आहे. बाबांनी ते मनावर घेतलं. ती इतर तळी मोजत फिरत असताना त्यांनी दुकानातून चार जातींचे रंगीत मासे आणून गुपचूप तळ्यात सोडले. वर ते मरू नयेत म्हणून कोरड्या दिवसांतही नळी लावून तळं भरलेलं ठेवलं. चार जाती वाढल्या, हा त्यांचा हिशोब.

मोजणीला आत्याने जाळी ओढली. कोळंबी नाही, चतुरांच्या अळ्या नाहीत, बेडकांची पिल्लं नाहीत. ट्रेमध्ये फक्त गलेलठ्ठ मासे. काठावर बाबा कौतुकाने हसत उभे होते. तिने ट्रे त्यांच्या पायाशी आपटला.

तिच्या साहेबांनी तोडगा काढला, की मागच्या वर्षीचाच आकडा लिहा, कोण बघतंय. आत्याने खरा आकडा लिहिला. खाली कारणही लिहिलं, की माझ्या सख्ख्या भावाने मासे सोडले. तळं सुकू द्या, एक वर्ष द्या, मग मोजू. वर्ष मिळालं. बाबांना मात्र बागेतून काढून रस्त्याकडेच्या झाडांना पाणी घालायला पाठवलं. मी आत्याशी कडाडून भांडले. एका खोट्या आकड्याने तळंही वाचलं असतं आणि बाबाही.

"तळं नाही, खड्डा वाचला असता," ती म्हणाली. "सगळं छान आहे असं लिहिल्यावर मासे काढायला कोण आलं असतं?"

मासे बाबांनीच काढले, पाणी ओसरताना, सुट्टीच्या दिवशी चिखलात बसून. आत्या काठावरून राहिलेला एकेक मासा दाखवत होती. मदतीला उतरली नाही. मला तिचा संताप आला, आणि बाबांचाही.

पुन्हा पाणी भरलं तेव्हा मोजणीला बाबा आपणहून आले आणि लांबच उभे राहिले. आत्याने ट्रेमध्ये पाणी ओतलं, बराच वेळ बघितलं आणि त्यांना हाक मारली.

बाबांनी वाकून पाहिलं. "मला तर नुसतं पाणी दिसतंय गं."

"मासे सोडलेस तेव्हाही तुला नुसतं पाणीच दिसलं होतं, दादा. मला विचारायचं होतंस."

आणि तिने त्यांची मान धरून ट्रेवर वाकवली. कोळंबी दिसेपर्यंत मान सोडली नाही.