उशिराची वही

आमच्या शाळेत उशिराची वही माझ्याकडे असायची. मुलांना हात लावायचा नाही असा नियम झाल्यापासून शिक्षकांच्या हाती उरलेलं हे एवढंच हत्यार, आणि मी ते मनापासून चालवायचे. सकाळी सात दहाला घंटा झाली की मी फाटकात उभी. "का उशीर झाला? घरात घड्याळ आहे, की भिंतीला नुसती शोभा?" हे माझं ठरलेलं वाक्य. मग वहीत नाव. महिन्यात तीनदा नाव आलं की खेळ, स्पर्धा, जे काही त्या मुलीला प्रिय असेल त्यातून ती बाद.

नववीतली एक मुलगी लोणी काळभोरहून बसने यायची. स्वारगेटला उतरून पुढचं अंतर जवळजवळ पळत. अभ्यासात बेताची, पण लेझीम हातात आलं की बघत राहावं अशी. त्या वर्षी विसर्जन मिरवणुकीच्या पथकात तिला पहिल्या रांगेत जागा मिळाली होती. मिरवणुकीला पंधरा दिवस असताना वहीत तिचं नाव तिसऱ्यांदा आलं.

"आता लेझीम विसरा," मी म्हणाले. मलाही वाईट वाटलं, पण नियम म्हणजे नियम.

ती रडली नाही. खाली बघत म्हणाली, "बाई, तुमाला उशीर झाला तवा मोठ्या बाईंनी लेखी खुलासा घेतला. मग माझा पन घ्या की."

आदल्याच आठवड्यात शिपाईमावशी माझ्या नावाची नोटीस घेऊन वर्गात आल्या होत्या आणि मी पहिल्या बाकावर टेकून सही केली होती. त्या बाकावर हीच बसायची. 'स्वारगेटला वाहतूक कोंडी' एवढं लिहून मी सुटले होते. एवढीशी पोर मला कायदा शिकवते, म्हणून माझं डोकं तडकलं. "लिही," मी म्हटलं, "बघू दे मोठ्या बाईंना."

तिने वहीचं पान फाडून समास आखून लिहिलं. पहिली बस भरून येते आणि तिच्या थांब्यावर थांबत नाही. ती सव्वापाचपासून तिथे उभी असते. दुसरी बस मिळाली की उशीर होतो. शेवटी एक ओळ होती: 'बाई रोज कारण विचारतात, पण मी सांगायला लागले की त्या पुढच्या मुलीकडे वळतात.'

मुख्याध्यापिकाबाईंनी ते दोनदा वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आपण पर्वतीहून येता ना? आणि ही लोणीहून. दोघी एकाच शाळेत येता. तुमचं कारण आम्ही ऐकून घेतलं, हिचं कोणी घेतलं?"

इतक्या वर्षांत 'का उशीर झाला?' हा प्रश्न मी किती जणींना विचारला असेल, आणि त्याला उत्तर असू शकतं हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. फार लाज वाटली. बाईंनी कागदावर 'मान्य' लिहिलं, वहीत 'कारण' नावाचा नवा रकाना आखला आणि वही परत माझ्याच हातात दिली.

मिरवणुकीच्या दिवशी मुलींना आठला बोलावलं होतं. मी पोहोचले साडेआठला. फाटकात ती उभी होती, नऊवारी नेसून, हातात लेझीम.

"का उशीर झाला, बाई?" तिने विचारलं. आवाजात टोमणा शोधून सापडला नाही.

मी सांगायला लागले. रस्ते बंद होते, रिक्षा मिळेना, आणि खरं म्हणजे गजर बंद करून मी पुन्हा झोपले होते. आतून मुली तिला हाका मारत होत्या, पथक उभं राहत होतं. तिने हाताने त्यांना थांबायची खूण केली आणि माझं सांगून होईपर्यंत ऐकत राहिली.