वहिनींच्या नावाने

तवसाळच्या धक्क्यावर गाड्यांची रांग लागली आहे. त्या रांगेत मधेच कुठेतरी, एका पांढऱ्या गाडीत, अनसूयाबाई मयेकर खिडकीला डोकं टेकून बसल्या आहेत आणि झोप मांजरासारखी त्यांच्या पायाशी घुटमळते आहे. डोळे मिटले की खाडीचं पाणी पापण्यांच्या आत चमकतं, उघडले की बाहेर. हेदवीचं जेवण अंगावर आलं आहे. पौषातलं ऊन काचेतून आत येऊन मांडीवर बसलं आहे. तसं सगळं बरं आहे.

"काकी, मी काय म्हणते," स्टिअरिंगवर हात ठेवून वृंदा म्हणते. वृंदा म्हणजे थोरल्या जावेची, द्वारकावहिनींची एकुलती एक लेक. "बोट अजून पलीकडे जयगडला आहे. ती येणार, रिकामी होणार, मग आपला नंबर, तोही लागला तर. त्यापेक्षा भातगावच्या पुलावरून जाऊ. दिवेलागणीच्या आत घरी."

"आणि ही खाडी?"

"दिघी झाली, बाणकोट झालं, दाभोळ झालं. एक राहिली तर आई काय वरून मोजत बसलीय?"

"तुझी आई तांदूळसुद्धा मोजून घालायची."

वृंदा हसते. "बरं, चहा मिळतो का बघते. तोवर तू ठरव. पण झोपू नको हं, मग रात्री जागत बसतेस."

दार लागतं. अनसूयाबाई डोळे मिटतात. त्या झोपत नाहीयेत, नुसत्या विचार करताहेत.

हा सगळा प्रवास वहिनींच्या नावाचा आहे. श्रावणात वहिनी गेल्या. दहाव्याला समुद्रावर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. कोणी म्हणालं, वृंदाला अंतर देणार नाही. कोणी म्हणालं, देवळाच्या कळसाचं बघू. कावळे माडावर बसून ऐकत राहिले. शेवटी अनसूयाबाई उठल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, "वहिनी, तुम्हाला सगळा किनारा बघायचा होता ना? एकेक खाडी ओलांडत? मी जाते तुमच्या नावाने." आणि कावळा आला. आला तो थेट पिंडावर. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पाऊस सरून थंडी पडल्यावर वृंदाने रजा टाकली, दोघी आतल्या रस्त्याने वर रेवदंड्यापर्यंत गेल्या आणि तिथून समुद्र उजव्या हाताला ठेवून खाली घराकडे निघाल्या. आजचा शेवटचा दिवस.

पण आज सकाळी गुहागरच्या वाळूत चालता चालता वृंदा सहज बोलून गेली, "आईला बोट लागायची, आठवतं तुला? नुसती होडी बघितली तरी लिंबू मागायची."

तेव्हापासून बाईंच्या जिवाला घोर लागला आहे. बोट लागणाऱ्या बाईला खाड्या कशाला ओलांडायच्या असतील? मग आपण चुकलो? आणि इथे चुकलो तर तिथेही चुकलो असू. कारण शेवटी वहिनींची वाचा गेली, तेव्हा हॉस्पिटलात डॉक्टरांसमोर उभं राहून अनसूयाबाईंनीच सांगितलं होतं, "त्यांना घरी जायचंय." वृंदाचं मन नव्हतं. तरी काकी म्हणते म्हणून घरी आणलं. थोड्याच दिवसांत वहिनी गेल्या. वृंदा त्यावर कधी चकार शब्द बोलली नाही. न बोललेलंच जास्त ऐकू येतं.

गाडीचं दार उघडतं. चहा आला वाटतं.

"सरक गो," वहिनी म्हणतात.

वहिनी स्टिअरिंगसमोर मांडी घालून बसल्या आहेत. हिरवं लुगडं, कपाळावर आडवं कुंकू, मांडीवर सूप. अनसूयाबाईंना नवल वाटत नाही. एवढंच वाटतं, की सूप स्टिअरिंगमध्ये अडकेल.

"वहिनी, तुम्हाला गाडी येते?"

"नाही येत. म्हणून तर थांबून राहिलेय." वहिनी तांदूळ पाखडतात. कोंडा काचेवर उडतो आणि बाहेरचं दिसेनासं होतं. "तू किती वाळलीस गो! वृंदा जेवायला घालते ना?"

"घालते. हॉटेलातलं."

"मग ते काय जेवण?"

कोंडा खाली बसतो तेव्हा गाडी बोटीवर आहे. बोट सुटली आहे, मात्र तिचा डेक शेणाने सारवलेला आहे, अगदी घरच्या खळ्यासारखा. मधोमध तुळस आहे. कठड्याला लागून कोकमाची सोलं वाळत टाकली आहेत, लाल-काळी, आणि त्यांच्यापलीकडे पाणीच पाणी. दोघी उकिडव्या बसून सोलं परतताहेत. बोट डुलते तशी सोलं एका बाजूला घसरतात. दोघी ती पुन्हा पसरतात. कंटाळा येत नाही.

"तुम्हाला बोट लागत नाही आता?" अनसूयाबाई विचारतात.

"आता लागायला पोट कुठाय?"

दोघींना हसू फुटतं. तेवढ्यात वर, कप्तानाच्या काचेच्या खोलीतून, खणखणीत आवाज येतो, "कोण गो दात काढतंय तिकडे?"

सासूबाई! दोघी तोंडावर पदर दाबतात.

"त्या बोट चालवतात?" अनसूयाबाई कुजबुजतात.

"मग? त्यांनी आख्खं घर हाकलं. बोट काय, पाण्यावर आपोआप चालते."

"मला त्यांना विचारायचंय, जरा किनाऱ्याजवळून घ्या म्हणून."

"खुळी का काय! तू विचारणार? तुझ्या तोंडाने?" वहिनी हातातलं सोल हलवतात. "विसरलीस होय?"

नाही, अनसूयाबाई विसरलेल्या नाहीत. त्या घरात सुनेने स्वतःसाठी काही मागायचं नसे. मागती सून घर बुडवते, असं सासूबाई म्हणत. म्हणून दोघी जावांनी आपली रीत पाडली होती. धाकटीला माहेरी जावंसं वाटलं, की थोरली म्हणायची, "अनसूयेचा चेहरा उतरलाय, चार दिवस धाडा तिला." थोरलीला पाणी ओढायचा कंटाळा आला, की धाकटी म्हणायची, "वहिनींच्या कमरेत उसण भरलीय, आज त्यांना विहिरीवर नको." जिच्या नावाने मागणं झालं तिने मात्र ते निभवायचं. उसण नसली तरी दिवसभर वाकून चालायचं.

"थांब, मी विचारते." वहिनी मान वर करून ओरडतात, "सासूबाई, अनसूयेला वाऱ्याने गरगरतंय, जरा कडेने घ्या!"

बोट कडेने जाऊ लागते. इतकी कडेने, की कठड्याबाहेर आता डोंगराची उतरण आहे, घरामागची. वैशाखाचं ऊन आहे, कातळ तापला आहे आणि करवंदीच्या जाळ्या काळ्या झाल्या आहेत. दोघी कधी उतरल्या कोण जाणे. पाय अनवाणी आहेत आणि गुडघा अजिबात दुखत नाही.

वहिनी एक करवंद तोडतात, मूठ मिटतात. "कोंबडा की कोंबडी?"

"कोंबडा."

वहिनी ते अनसूयाबाईंच्या तोंडात घालतात. चावलेला अर्धा भाग बघतात. आत लाल आहे. "कोंबडाच मेला! तुझं नशीब पहिल्यापासून चांगलं."

"तुम्ही खा ना."

"मी? मला कधी आवडली करवंदं? वृंदा पोटात होती तेव्हा तू सासूबाईंना जाऊन सांगितलंस, वहिनींना करवंदांचे डोहाळे लागलेत. टोपलीभर आली. सासूबाई समोर बसल्या, 'खा' म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी काढत खाल्ली मी. आणि उरलेली टोपली कोणी फस्त केली?"

अनसूयाबाई लाजतात. या वयातही त्यांचे कान तापतात.

"वहिनी," त्या म्हणतात, "किनारा तुम्हालाच बघायचा होता ना? पडवीत बसलो होतो आपण. तुम्ही म्हणालात, एकदा सगळा किनारा बघायला हवा, बोटीबोटीने."

"मी म्हणाले?"

"हो."

"नीट आठव. म्हणालीस तू. मी काय म्हणाले?"

अनसूयाबाई आठवतात. पडवी इथेच आहे, जाळीच्या मागे. भिजवलेले वाल सोलताहेत दोघी. कोणीतरी म्हणतं, एकदा सगळा किनारा बघायला हवा. आवाज कोणाचा ते कळत नाही. दुसरी वाल सोलत म्हणते, "हो."

तो 'हो' वहिनींचा आहे.

पायाखाली आता वाळू आहे. केळीच्या पानावर पिंड आहे, वर काळे तीळ. माडावर कावळे. माणसं मात्र कोणी नाहीत, फक्त ह्या दोघी आणि मागे पांढरी गाडी. तिच्या टपावर एक कावळा पाय ओढत इकडून तिकडे फिरतो आहे.

"म्हणजे मी चुकले," अनसूयाबाई म्हणतात. "मग तुम्ही कावळा का पाठवलात?"

"तू माझ्या नावाने मागितलंस. सगळ्यांसमोर. मी निभावून न्यायला नको? इतक्या वर्षांत कधी तुला तोंडघशी पाडलंय मी?"

"पण मग तुमचं काय राहिलं होतं? खरं तुमचं? आज घरी पोचू आम्ही. पुढे काही करता येणार नाही मला, वहिनी. वय झालं."

वहिनी अनसूयाबाईंकडे बघतात. ती नजर जुनीच आहे, भाकरी करपताना बघितल्यासारखी.

"माझं मागणं कोणाच्या तोंडी असायचं?"

"माझ्या."

"मग मला काय विचारतेस? तूच मागितलंस ना. तो गळ्यात नळी घातलेला डॉक्टर उभा होता. वृंदा रडत होती. माझी जीभ लाकडासारखी झालेली. मी नुसती तुझ्याकडे बघत होते, आणि मनात म्हणत होते, बोल गो बाई, बोल एकदाची. आणि तू बोललीस. त्यांना घरी जायचंय म्हणालीस."

"ते बरोबर होतं?"

"बरोबर?" वहिनी हसतात. "न्हाणीघरातल्या चुलीचा धूर आला नाकात, पहिल्याच संध्याकाळी. पलंगावरून माड दिसत होता. आणखी काय हवं होतं? एकच वाईट. तुझी पेज अळणी होती."

"डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं!"

"डॉक्टरचं मेल्याचं काय जातंय?"

अनसूयाबाई रडताहेत की हसताहेत ते त्यांनाच कळत नाही. वहिनी ओच्यातून मूठभर करवंदं काढतात आणि एकेक करून त्यांच्या तोंडात भरतात, लहान मुलाला भरवावं तशी.

"बास, वहिनी. बोलता येत नाही मला."

"नकोच बोलू आता माझ्या नावाने. माझं झालं सगळं. जे मागायचं ते तुझ्या नावाने माग. सासूबाईंचं मी बघते."

बोटीचा भोंगा वाजतो. टपावरचा कावळा उडतो.

"काकी! ए काकी! झोपू नको म्हटलं होतं ना!"

खिडकीत वृंदा उभी आहे, दोन्ही हातांत चहाचे कागदी पेले. तिच्यामागे जयगडहून आलेली बोट धक्क्याला लागते आहे. दोऱ्या फेकल्या जाताहेत, पुढच्या गाड्यांची इंजिनं सुरू होताहेत.

"बोल लवकर. फिरवू का गाडी? रांग पुढे सरकली की मग निघता येणार नाही. आईसाठी एवढं केलंस, खूप झालं."

"आईचं राहू दे," अनसूयाबाई म्हणतात. पहिला शब्द काढायला त्यांना जरा जोर लावावा लागतो. "तिचं श्रावणातच झालं. तिला घरी यायचं होतं, वृंदा. आली ती. तिच्यासारखं झालं."

वृंदा दुसरीकडे बघते, पाण्याकडे. मग नाक ओढून म्हणते, "खरंच?"

"खरं. फक्त पेज अळणी होती."

वृंदाला हसू येतं, तेही रडण्यातूनच. "ते तर ती वाचा गेली तरी तोंड वाकडं करून सांगायची." पदर नाही म्हणून ती दंडालाच डोळे पुसते. "मग पुलावरून जायचं ना?"

"नाही. मला बोटीने जायचंय. मला वरच्या डेकवर उभं राहून जायचंय. ही शेवटची खाडी मला बघायचीय."

वृंदा वाकून काकीकडे निरखून बघते. काकीच्या तोंडून 'मला हवंय' असं तिने उभ्या जन्मात ऐकलेलं नाही. ती चहा पुढे करते आणि मधेच थांबते.

"काकी, ओठांना काय लागलंय तुझ्या?"

अनसूयाबाई बोट लावून बघतात. बोट चिकटतं. पांढरट, ओढला तर ताणला जाणारा, करवंदाचा चीक. वृंदा आपल्या रुमालाने पुसायला जाते तर रुमालाचा धागाच त्याला धरून बसतो.

"चीक आहे हा," ती म्हणते. "पण पौषात करवंदं कुठली? जाळीला अजून फूल नाही. कुठे खाल्लीस?"

पुढची गाडी हलते. मागचा हॉर्न देतो. अनसूयाबाई जिभेने ओठ चाचपतात, आंबटगोड लागतात, आणि उत्तर द्यायला तोंड उघडू जातात, तर ओठ सुटत नाहीत.