पेडगावच्या विहिरीतला शॉट

"सुभाना, वात पेटवल्यावर लगेच वर यायचं नाही. आधी कॅमेऱ्याकडं बघून हसायचं!"

आमचे साहेब विहिरीच्या काठावरून ओरडत होते. खाली खडकात सुभाना सुरुंग भरत होता. त्यानं मान वर केली. "हसन की साहेब. पर वात काई थांबत न्हाई."

पेडगावच्या शिवारातली ही गोष्ट, निजामाच्या अमलातली. सरकारी विहिरींवर डॉक्युमेंटरी करायची होती. म्हणजे जे घडतं ते जसंच्या तसं दाखवणारी फिल्म. साहेब हैदराबादच्या कचेरीतले, मी त्यांचा कॅमेरामन. कापूस, पूल, दवाखाने, सगळं मी शूट केलं होतं. तिथं कुणाला घाई नसायची.

सुरुंगाचं काम असं असतं. खडकाला भोक पाडायचं, त्यात दारू ठासायची, वात बाहेर ठेवायची. वात पेटवून माणूस टोपल्यात बसतो. वरचे लोक रहाट फिरवून त्याला ओढून घेतात. मग सगळ्यांनी लांब पळायचं.

रहाट फ्रेममध्ये येत होता. साहेबांनी तो बाजूला सरकवायला लावला. रहाटावर सुभानाची बायको गंगू आणि भाऊ मारुती होते. गंगू माझ्याकडं आली.

"दादा, दोर आता दगडाला घासायलाय. सांगा की त्यांना."

मी सांगितलं. "साहेब, दोर दगडाला घासतोय. दोन शॉट घेऊ. आधी रिकामी वात पेटवू, तो हसेल. खरा सुरुंग नंतर, लांबून. एडिटिंगमध्ये जोडू. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"मला कळेल ना! नाटक करायचं असतं तर मुंबईला गेलो असतो. मला अस्सल चीज पाहिजे. ऊन उतरायलंय, चालू कर."

मी कॅमेरा चालू केला. तिवईवर उभा करून लेन्स खाली झुकवली होती. सुभानानं काडी ओढली. वात फुरफुरली. त्यानं वर बघितलं आणि हसला. चांगला शॉट होता, ते मला तेव्हाही कळलं.

"अजून थोडं!" साहेब म्हणाले.

सुभाना थांबला नाही. टोपल्यात बसून त्यानं दोर हलवला. रहाट फिरला, टोपलं उचललं गेलं आणि अर्ध्यावर अडकलं. काठावरच्या फुटक्या दगडाच्या फटीत दोर घुसला होता. मारुतीनं सगळं अंग टाकलं. रहाट करकरला, पण दोर तसूभर सरकेना.

"वर घ्या! ओ, वर घ्या!" खालून धूर यायला लागला होता.

गंगू पालथी पडून दोर उपसायला लागली. तिची बोटं सोलली. कॅमेरा घरघरत होता आणि साहेब माझ्या कानाशी म्हणाले, "बंद करू नकोस."

फटीत घालायला पहार हवी होती. पहार खाली राहिली होती. माझ्याजवळ फक्त तिवई होती. मी ती कॅमेऱ्यासकट आडवी केली. कॅमेरा दगडावर आपटला, लेन्स फुटल्याचं ऐकू आलं. तिवईचा पाय दोराखाली घालून मी जीव खाऊन दाबला. दोर सुटला.

"ओढ मारुती!"

सुभानाचं डोकं दिसलं. गंगूनं त्याचं मुंडासं आणि केस एकदमच धरले. आम्ही बांधाकडं धावलो. बांध गाठायच्या आत जमीन हादरली. दगड पाठीवर पडले. मग आवाज गेला आणि कानात नुसती शीळ राहिली.

सुभाना उठून बसला. त्याचा डावा कान कायमचा गेला. गंगूनं त्याला आधी चाचपलं, मग दोन शिव्या दिल्या, आणि मग रडायला बसली.

साहेब फुटका कॅमेरा घेऊन उभे होते. "सरकारी माल होता हा. जबाब द्यावा लागेल."

"देईन," मी म्हणालो.

दिलाही. नोकरी गेली. कॅमेरा फुटल्यानं निगेटिव्हवर ऊन पडून फिल्म वाया गेली होती, ते हसणं कुणालाच बघायला मिळालं नाही. मी कोल्हापूरला जाऊन एका स्टुडिओत असिस्टंट म्हणून लागलो आणि पुढं कथापटच केले. माझ्या पहिल्याच चित्रपटात विहिरीत स्फोट होता. तळाशी गवताचा माणूस बसवला, धुरासाठी पीठ उडवलं, हीरो लांब सावलीत चहा पीत होता. प्रेक्षक दचकले.

तेव्हापासून नवीन पोरांना एकच सांगतो. शॉट घेण्याआधी विचारा, हा परत घेता येईल का? उत्तर 'नाही' असेल, तर फ्रेममध्ये माणूस ठेवू नका.