अक्काकडचे दिवस

"अठरा वर्षं सात महिने, मॅडम. दीड वर्ष कमी पडतंय. जाऊन भरून काढतो," असं म्हणत श्रीपादअण्णांनी विमानाच्या तिकिटाचा प्रिंट माझ्या टेबलावर ठेवला.

बेंगळुरूच्या बनशंकरीत माझं छोटं ऑफिस आहे. परदेशात नोकरी करून परतलेल्या लोकांची पेन्शन आणि रेसिडेन्सीची कागदपत्रं मी करून देते. पण तिकीट आधी काढून सल्ला नंतर घेणारे लोक आले की माझं डोकं फिरतं.

"मग माझ्याकडे कशाला आलात? आशीर्वादाला?"

"फॉर्म तेवढा स्वल्प बघा," अण्णा ओशाळून म्हणाले.

अण्णा मूळचे इथलेच. कॅनडात ड्राफ्ट्समन होते. पासपोर्ट भारतीयच ठेवला आणि तिथे पीआरवर, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्यावर राहिले. आठ महिन्यांपूर्वी ते परतले, कारण थोरल्या बहिणीचं, सरोजाअक्कांचं, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. दोघांनाही दुसरं कोणी नाही. अक्का त्या दिवशी वॉकर घेऊन सोबत आल्या होत्या.

"जाऊ दे त्याला. मी काय, बाई ठेवीन," त्या म्हणाल्या. पण हात वॉकरवरून सुटत नव्हता. मला वाईट वाटलं.

तिथली सरकारी वृद्धापकाळ पेन्शन परदेशात राहून घ्यायची तर मोठेपणी निदान वीस वर्षं तिथे वास्तव्य झालेलं असावं लागतं. अण्णांचा हिशेब ह्याच अटीवर अडला होता.

"पण गेलात कधी, परतलात कधी?" मी तारखा लिहून घेतल्या. "ही तर एकवीस वर्षं होतात की हो!"

अण्णांनी पिशवीतून आईवडिलांच्या लग्नाचा जुना अल्बम काढला. फोटोंच्या मागे बोर्डिंग पास खोचलेले. दरवर्षी घरच्या नवरात्राला ते बेंगळुरूला यायचे, महिना-दीड महिना राहायचे. घट बसवायला घरात दुसरा पुरुष नव्हता. ते सगळे दिवस त्यांनी प्रामाणिकपणे वजा केले होते.

"का वजा केलेत?"

"पीआर कार्ड रिन्यू करताना असंच करतात ना? पाच वर्षांत दोन वर्षं प्रत्यक्ष तिथे हवं. एकेक दिवस मोजतात."

बरोबर होतं. पण मला राहवेना. मी पेन्शनचा फॉर्म पुन्हा उघडला. त्यात सहा महिन्यांहून लांबलेल्या गैरहजेरीचीच माहिती मागितली होती. महिनाभराच्या सुट्टीला रकानाच नव्हता! मग नियम शोधून काढला, नीट दोनदा वाचला. पेन्शनवाले विचारतात, घर कुठे होतं? पीआरवाले विचारतात, तुम्ही स्वतः कुठे होतात? घर तिथे ठेवून सणाला गावी आलेला माणूस पेन्शनच्या लेखी तिथलाच राहतो.

"अण्णा, तिकीट कॅन्सल करा. वीस वर्षं केव्हाच झालीत."

"आणि पीआर?"

"इथेच राहिलात तर तो टिकणार नाही. पण एकदा मिळालेली ही पेन्शन त्यावर अवलंबून नाही. तुम्ही निघालात तेव्हा परवाना वैध होता, तेवढं पुरे. आता तुम्हीच ठरवा."

अण्णा अक्कांकडे वळले. "एकवीस वर्षं मी तुझ्याकडचे दिवस वजाच करत आलो बघ."

"येडा आहेस," अक्का म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

अर्ज तारखा आणि पुराव्यांसकट पाठवला. चार महिन्यांनी मंजुरीचं पत्र आलं, बेंगळुरूच्या पत्त्यावर. पीआर अण्णांनी स्वतःहून सोडला. त्या फॉर्मवर सही करताना मात्र त्यांचा हात थोडा थांबला. तिथली एकवीस वर्षंही काही खोटी नव्हती.

तेव्हापासून कोणी दिवस मोजून आलं की मी आधी विचारते, कोणत्या ऑफिसने मोजायला सांगितलंय? बहुतेकांना कोणीच सांगितलेलं नसतं.