डाव्या चाकातला गोटा

दामूभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी न्हाव्याच्या खुर्चीत अर्धी दाढी करून बसलो होतो. फोन त्यांच्या गॅरेजशेजारच्या टायरवाल्याचा होता. "दामूभाऊ गेले गा," तो म्हणाला. मी विचारलं, "कुठे?" पलीकडे तो रडू लागला, तेव्हा कळलं. गळ्यातलं फडकं काढून टाकलं आणि तसाच गाडी काढून नंदनवनला त्यांच्या घरी गेलो. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर साबण वाळलेला. अंगणात वीस-पंचवीस माणसं होती, सगळ्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि नजर वळवली. पोट धरून हसला असता असा एकच माणूस त्या घरात होता, आणि तो बैठकीत चादरीखाली निजला होता. सकाळचा चहा घेता घेता गेले. कप खाली ठेवायलाही वेळ मिळाला नाही म्हणे...

आता दीड महिना झाला. दामूभाऊ म्हणजे सक्करदऱ्याचे मोटार मिस्त्री. पाटीवरचं नाव कधीच पुसलं गेलं होतं, पण 'आवाजवाले दामूभाऊ' म्हटलं की रिक्षावाला बरोबर शटरसमोर उतरवायचा. जुन्या गाडीच्या खालून येणारा आवाज, जो बाकीच्यांना सापडत नाही, तो शोधून काढणं हे त्यांचं काम. मी शाळेत मास्तर, फावल्या वेळात हौशी नाटकवाला. माझ्याकडे वडिलांनी मागे ठेवलेली पांढरी गाडी होती, आणि तिला समोरून एक खडखड जडली होती. तीन मिस्त्र्यांनी तीन वेगवेगळ्या गोष्टी बदलल्या, खडखड काही हलली नाही. चौथे दामूभाऊ. "आवाज कसा येते?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "खडखड." "खडखड तर सगळ्याच गाड्या करते. तोंडानं काढून दाखवा."

चार गिऱ्हाइकं बाकावर बसली होती. पण नाटकवाल्याला चार प्रेक्षक पुरतात! मी मधोमध उभा राहिलो, दोन्ही हातांत स्टिअरिंग धरलं, स्पीडब्रेकरवर गाडी चढवली, उतरवली, गॅरेजजवळच्या तळ्याच्या वळणावर वळवली आणि जिभेनं, टाळूनं, गालानं सगळा प्रयोग केला. टक्... टक्-टक्... कड्. बाक हसून हसून हलू लागला. दामूभाऊ मात्र डोळे मिटून, मान थोडी उजवीकडे कलती करून ऐकत होते. "वळणावरचा पुन्हा काढा," म्हणाले. मी पुन्हा काढला. त्यांनी डोळे उघडले. "डाव्या चाकाची लिंक रॉड आहे. अन् तुमची एक दाढ पडली आहे काय? शेवटच्या 'टक्'ले हवा जाते." दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. त्या दिवसापासून मी त्यांचा 'नाटक्या' झालो, आणि 'तुम्ही'चा 'तू' झाला.

त्यांच्या काही सवयी होत्या. आवाज नेमका सापडल्याशिवाय एक नटही बदलायचे नाहीत. "सगळंच बदललं तं आवाज जाते, पण कोण वाजत होतं हे समजत नाही," म्हणायचे. गाडी फिरवून आणली की चारही चाकांवरच्या पत्र्याच्या टोप्या काढून आतले नट हातानं तपासायचे, गाडी कोणाचीही असो. आणि पकडलेला गुन्हेगार फेकायचे नाहीत. झिजलेला बुश, सैल पडलेला बॉल जॉइंट, जे काय असेल ते रॉकेलनं धुऊन, त्याला तारेनं चिठ्ठी बांधून पेढ्यांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. चिठ्ठीवर पेन्सिलीनं मालकाचं नाव आणि कुठून वाजत होता ते. डबा वाजवून दाखवायचे आणि म्हणायचे, "सारे इथं जमा आहेत. आता वाजा म्हणा लेकहो!"

गाडीच्या मागच्या बाजूचा आवाज शोधायची त्यांची पद्धत तर शहरात कोणाची नसेल. टॉर्च घेऊन स्वतः डिक्कीत निजायचे आणि गाडी मी चालवायची. आतून पान्यानं दोनदा ठोकलं की हळू, एकदा ठोकलं की थांब. एका दुपारी चौकात त्यांनी आतून एकदा ठोकलं आणि मी आज्ञाधारकपणे थांबलो, तो नेमका वाहतूक हवालदाराच्या पुढ्यात. आतून पुन्हा ठक् झालं. हवालदाराचे कान टवकारले.

"डिक्कीत कोण आहे?"

"मिस्त्री."

"मिस्त्रीले डिक्कीत काहून टाकलं?"

"मी नाही टाकलं साहेब, ते स्वतःच गेले."

आता ह्या उत्तरावर कुठला पोलीस विश्वास ठेवेल? त्यानं डिक्की उघडायला लावली. दामूभाऊ काळ्या तोंडानं, टॉर्चसकट उठून बसले आणि त्याच्यावरच उखडले, "दोन मिनिट दम धरा ना साहेब! शॉकअपचा वरचा बुश आहे, सापडतच होता!" भोवती गर्दी. हवालदारानं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आवाज उतरवून म्हणाला, "माझी मोटारसायकल पण समोरून वाजून राहिली... पाहता काय?" दामूभाऊ डिक्कीत बसल्या बसल्याच म्हणाले, "तोंडानं काढून दाखवा." आणि भर चौकात, गणवेशातल्या त्या माणसानं, कटक-कटक-कटक असा आवाज काढला. मी आजवर पाहिलेला सर्वांत प्रामाणिक अभिनय तो.

ह्या माणसाच्या कानाला एकदा तरी फसवायचं, ही माझी जुनी खुमखुमी. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी मी तळ्याकाठचा बोराएवढा एक गोटा उचलला आणि माझ्या गाडीच्या समोरच्या डाव्या चाकाच्या टोपीत टाकून दिला. असा गोटा मोठा लबाड असतो. गाडी वेगात असली की टोपीच्या कडेला चिकटून गप्प बसतो, हळू झाली की घरंगळतो आणि ठक-ठक वाजू लागतो. मी गॅरेजवर जाऊन गंभीर चेहरा केला. "दामूभाऊ, नवीनच काहीतरी सुरू झालंय." ते स्वतः चालवायला बसले, मी शेजारी. तळ्याच्या रस्त्याला गाडी हळू झाली आणि गोट्यानं प्रयोग सुरू केला. ठक... ठक... ठक. मी आतून गाल चावत बसलो. दामूभाऊंनी मान उजवीकडे कलती केली, नेहमीसारखी. पुढचं वळण गेलं. ब्रेकर गेला. मग म्हणाले, "काही नाही गा. लोण्यासारखी चालून राहिली."

मला वाटलं, माझ्यावर डाव उलटवतायत. बहाद्दर नट आहेत! मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो चेहरा नाटक करत नव्हता. तो ऐकायचा प्रयत्न करत होता. तेवढ्यात मागून एक ट्रक हॉर्न वाजवू लागला. वाजवतच राहिला. दामूभाऊ बाजूला झाले नाहीत...

गॅरेजवर परत आलो. मी "तोंड धुतो" म्हणून मागच्या नळावर गेलो आणि बराच वेळ तिथंच उभा राहिलो. बाहेर आलो तेव्हा ते फडक्याला हात पुसत होते. "नट टाईट आहेत. जा बिनधास्त," म्हणाले. घरी येऊन टोपी उघडली तर आत गोटा नव्हता. कुठल्यातरी खड्ड्यात उडाला असेल म्हणून मी विषय मिटवला.

त्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. "नाटक्या, रविवारी रिकामा असतं काय? गिऱ्हाईक लई आहे, अन् धड आवाज एकालेही काढता येत नाही. तू येत जा." मी जाऊ लागलो. पार सावनेरहून आलेली गाडीसुद्धा आधी मी फिरवून आणायचो आणि मग त्यांच्या अगदी समोर उभा राहून, तोंड मोठं उघडून, हातवारे करून आवाज वठवायचो. ते माझ्या ओठांकडे बघायचे. मग बोनेट उघडून स्प्रिंगच्या वरच्या पत्र्यावर तळवा ठेवायचे आणि मला गाडी दाबायला सांगायचे. कान गेला होता, पण त्या तळव्याला सगळं कळायचं. गिऱ्हाइकांना वाटायचं, दोन म्हाताऱ्या होऊ घातलेल्या माणसांचा तमाशा चाललाय. एकदा मी सहज म्हणून सांगितलं, माझ्या काकांनी कानाचं मशीन घेतलंय, फार बरं पडतं. "चांगलं झालं," ते म्हणाले, "काकाले सांभाळून वापरायले सांग." संपलं. 'आवाजवाले' हे त्यांचं नाव त्यांच्या हयातीत जाऊ द्यायचं नाही, एवढंच मी मनाशी धरलं होतं. आणि किती बेमालूम सांभाळतोय मी हे गुपित, त्यांना पत्ताही नाही, असं स्वतःवर खूष होऊन दोन वर्षं दर रविवारी घरी येत होतो.

मागच्या आठवड्यात त्यांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, गॅरेजवर बोलावलं. गॅरेज रिकामं करायचं होतं. हत्यारं शेजारचा टायरवाला घेऊन गेला होता, राहिला होता तो पेढ्यांचा डबा. "भाऊजी, हे भंगारात द्याचं होतं," त्या म्हणाल्या, "पण म्हटलं तुम्हाले एकदा दाखवावं. हे सारे लोखंडाचे, ते समजलं. हा गोटा यायनं काहून ठेवला असन?"

त्यांच्या तळहातावर बोराएवढा गोटा होता. तारेनं आवळून बांधलेला, चिठ्ठीसकट.

"काय लिहिलं आहे पहा बरं. मले चष्म्याशिवाय दिसत नाही."

आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्यं खणखणीत म्हणत आलो. ही चिठ्ठी काही वाचता येईना. "माझंच नाव आहे वहिनी," एवढं कसंबसं म्हणालो आणि गोटा खिशात टाकला. दामूभाऊ टीव्ही फार मोठ्यानं लावायचे, एवढंच वहिनी कशावरून तरी म्हणाल्या, आणि डब्याचं झाकण लावून तो माझ्या हातात दिला.

वहिनी, त्या दिवशी मी अर्धंच वाचलं. सगळी चिठ्ठी अशी होती: 'नाटक्या. समोरचं डावं. ऐकू नाही आला, हाताले लागला.'

मी नळावर तोंड धूत होतो तेव्हा त्यांनी टोप्या काढल्या असणार. मी विसरलो ती त्यांची सवय. गोटा हाती आला, तेव्हा माझी चेष्टाही कळली आणि त्यांच्या कानाचं मला कळलंय हेही कळलं. आणि 'रविवारी येत जा' हा फोन त्यानंतरचा. दोन वर्षं मी त्यांना सांभाळत होतो की ते मला, हे आता कोणाला विचारू?

डबा माझ्या टेबलावर आहे. गोटा मात्र डब्यात नाही. चिठ्ठी सोडवून घेतली आणि तो पुन्हा समोरच्या डाव्या टोपीत टाकला. रस्त्यावरचे लोक काच खाली करून सांगतात, "काका, चाकात काही वाजून राहिलं." मी मान हलवतो. वेग वाढवला की तो गप्प होतो. म्हणून रविवारी तळ्याच्या रस्त्यानं मी गाडी हळू चालवतो.